साडूंचं सेंटर

जगातली प्रत्येक वस्तू जिथं असायला हवी तिथून किंचित सरकलेली आहे, असा आमच्या साडूंचा ठाम विश्वास आहे. ताट पाटासमोरून सरकलेलं आहे, घड्याळ भिंतीवर सरकलेलं आहे, मानवतच्या स्टँडवर एसटी फलाटापासून सरकून उभी आहे, आणि माणसांचं तर बोलायलाच नको. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं, की मला वाटलं, हा माणूस माझ्या स्वभावाचा अंदाज घेतोय. मी मुलगी पाहायला पेडगावला गेलो होतो आणि ते घरचे थोरले जावई म्हणून बैठकीत बसले होते. मी शक्य तितका सुस्वभावी चेहरा करून बसलो. शेवटी ते उठले, माझ्या जवळ आले, माझ्या शर्टाची कॉलर बोटभर डावीकडे ओढली, चार पावलं मागं सरून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "आता बरोबर हाय." त्या दिवशी मला कुणी काय काय विचारलं ते सगळं मी विसरलो आहे. कॉलर मात्र आठवते. आजही त्यांच्याकडे जायचं असलं की माझा हात आपोआप गळ्याशी जातो.

ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मानवतच्या बाजारामागं, एका जिनिंगच्या भिंतीला लागून, साडूंचं पत्र्याचं शेड आहे. जिनिंगमध्ये कापसातली सरकी वेगळी करतात, आणि हंगामभर उडालेलं तूस कडुलिंबावर, विजेच्या तारांवर, रस्त्यावरच्या म्हशींच्या पाठीवर बसतं. हंगाम सरला तरी ते पुढं कितीतरी दिवस उडतच राहतं. दुपारी शेडमध्ये पाय टाकला की पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या खाली उतरलेल्या दिसतात, त्यांतून तूस तरंगत असतं, तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास असतो, आणि मधोमध, अर्थातच अगदी मधोमध, ती जुनी हिरवी मिलिंग मशीन उभी असते. मी तिथं कामासाठी कधीच गेलेलो नाही. मला तिथं एकदा बसलं की उठवत नाही, एवढंच. घरी काही विचारलं तर मी सांगतो, साडूंशी बोलत होतो. खरं म्हणजे तिथं कुणी फारसं बोलतच नाही.

बोलणं होतं ते एकाच विषयावर. मशीनवर एक गोल पोलादी ताट बसवतात, त्याला ते रोटरी टेबल म्हणतात. बाजूचं हँडल फिरवलं की ताट मुंगीच्या पावलानं गोल फिरतं. त्या ताटावर चक बसवायचा. चक म्हणजे तीन जबड्यांची पोलादी मूठ, तिच्यात गोल वस्तू घट्ट धरून ठेवायची. हे मी चार वाक्यांत सांगितलं, साडूंना ते सांगायला एक दुपार लागते. कारण चक ताटावर नुसता ठेवून भागत नाही. आधी ताटाचं केंद्र वरच्या फिरत्या दांड्याच्या बरोबर खाली आलं पाहिजे. ते जमलं की मग चकाचं केंद्र ताटाच्या केंद्रावर आलं पाहिजे. "दोन सेंटर हायत भाऊ," ते मला सांगतात, "आणि दोघं एकमेकांला वळखत न्हाईत. त्यांची गाठ घालून द्यायची." मग घड्याळासारखी एक डायल ते दांड्याला लावतात, तिचं टोक चकात धरलेल्या गोल दांडीला टेकवतात, आणि ताट हळूहळू फिरवतात. चक जरा जरी एका अंगाला असला, तरी डायलची सुई हलते. मग ते तांब्याच्या चिमुकल्या हातोडीनं चकाला टक् असं एकदा मारतात. पुन्हा फिरवतात. पुन्हा टक्. सुई कमी हलते. मग बोल्ट आवळायला जावं, तर आवळता आवळता चक पुन्हा केसभर सरकतो, आणि साडूंच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरतो की जणू आवडता पाहुणा निघता निघता पुन्हा बसला. शेवटी कधीतरी ताट पूर्ण फिरतं आणि सुई जागची हलत नाही. त्या क्षणी साडू कुठं असतात कुणास ठाऊक. डोळे सुईवर असतात, पण पाहत ते भलतंच असतात, नदीच्या पल्याडचं काहीतरी. तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक "काय झालं का?" म्हणून आत डोकावलं तर त्याच्याकडे ते अनोळखी नजरेनं पाहतात, कारण चक बसवण्याच्या नादात चकात काय धरायचं होतं हे ते साफ विसरलेले असतात.

ही हातोडी त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असते. घरोघरच्या तसबिरींना, सिलेंडरच्या शेगडीला, पाहुण्यांच्या मोटारसायकलच्या आरशाला तिचा प्रसाद मिळालेला आहे. आमच्या घरी नवीन कपाट आलं तेव्हा ते पाहायला म्हणून आले, कपाटाभोवती फिरले, आणि एका पायाला टक् असं मारून चहा न घेता निघून गेले. कपाटाचं दार तेव्हापासून आपोआप उघडतं. अक्काच्या भाकरीवरही त्यांचा असाच जीव आहे. परभणी जिल्ह्यात इतकी गोल भाकरी दुसरी कुणी थापत नाही असं ते म्हणतात आणि ते खरंही आहे. पण एकदा त्यांनी परातीत भाकरी ठेवून ती बोटानं गोल फिरवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातात झाडूची काडी धरून तिचं टोक भाकरीच्या कडेला टेकवलं. भाकरी फिरतेय, काडी हलतेय, साडू बघताहेत, आणि चुलीपुढं अक्का कंबरेवर हात ठेवून उभी. "आवो," ती म्हणाली, "खायाची हाय का फिरवायची हाय?" साडू म्हणाले, "जराशी आउट हाय." त्या दिवशी त्यांना दुसरी भाकरी मिळाली नाही. आउट हा त्यांचा सगळ्यात कडक शब्द. माणूस खोटारडा असो, तापट असो, दारूडा असो, साडू त्याला फक्त आउट म्हणतात, आणि असं म्हणताना ज्याला हातोडीनं हळूच जागेवर आणता येईल अशा वस्तूकडे पाहावं तसे त्याच्याकडे पाहतात.

एकदा परभणीच्या उरुसात आम्ही सगळे मिळून गेलो होतो. तिथं मोठा पाळणा होता. बायका बांगड्या बघायला गेल्या आणि साडू पाळण्याखाली उभे राहिले ते उभेच. पाळणेवाल्याला त्यांनी हाताच्या खुणा करून काहीतरी सांगितलं, त्यानं ऐकलं नाही, पुन्हा सांगितलं. अखेर तो वैतागून म्हणाला, "चाचा, तुम बैठ जाओ, पर चुप बैठो." साडू बसले. पाळणा फिरला, थांबला, लोक उतरले, पण साडू उतरेनात. त्यांचा पाळणा खाली आला की ते हातानं खूण करत, फिरू दे. पाचसहा फेऱ्यांनंतर मी ओरडलो, "अहो, उतरा आता, सगळे थांबलेत." वरून आवाज आला, "भाऊ, वर गेल्यावर सगळं गाव सेंटरात दिसायलंय." त्यांना तिथून उतरवायला अक्काला यावं लागलं.

या माणसावर नाराज होणं अवघड आहे. पण आमचे सासरे त्यांच्यावर नाराज होते, आणि ती नाराजी वर्षानुवर्षं मुरलेली होती. सासरे रेल्वेत रुळांच्या कामावर मुकादम होते. त्यांना आम्ही दोघं जावई मामा म्हणायचो. आयुष्यभर गाडी यायच्या आत काम उरकायची सवय. जेवायचे तेही आता गाडी येणार आहे असे. थोरली लेक त्यांनी साडूंना दिली ती मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात कायम नोकरीला होता म्हणून. तिथं काही वर्षांनी नवीन यंत्रं आली. बटण दाबलं की आपलं आपण सेंटर शोधणारी. साडूंनी ती काही दिवस चालवली आणि राजीनामा देऊन आले. अक्कानं विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "हाताला काही लागत न्हाई गं." भंगारात निघालेली एक जुनी मशीन घेऊन ते मानवतला परतले आणि हे शेड टाकलं. मामांना वाटलं, लेकीचं पक्कं घर सोडून हा माणूस तिला पत्र्याखाली घेऊन आला. त्यांनी जावयाशी बोलणं सोडलं नाही, पण त्या शेडचा उंबरा कधी शिवला नाही. मानवतला आले तरी घरी बसायचे, पाणी प्यायचे आणि लेकीला विचारायचे, "कुठं हाय तुझा गोगलगाय?" अक्का हसायची. पण भांडी मात्र जरा जोरात घासायची.

पेडगावच्या विहाराचं काम हा मामांचा ध्यास होता. जागा त्यांनीच दिलेली. लोकांनी घाम गाळून, सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून विहार उभा केला होता. आता कमानीवर चक्र बसवायचं राहिलं होतं, चोवीस आऱ्यांचं, आणि ते बुद्धपौर्णिमेला बसवायचं ठरलं होतं. परभणीच्या एका वेल्डरनं एक चक्र करून आणलंही, पण त्याचे आरे एकमेकांवर रुसल्यासारखे दिसत होते. गावातल्या एका निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळं गाव नुसतं बाई म्हणतं, विहाराच्या कामात पुढं असायच्या. त्यांनी ते चक्र पाहिलं आणि म्हणाल्या, "हे वर लावलं तर पोरं रोज वर बघून हसतील. न्हाई चालायचं." मामांचे डोळे तोवर काचबिंदूनं जवळजवळ गेले होते. उजेड कळायचा, माणूस कळायचा तो आवाजावरून. त्यांनी चक्रावरून बोटं फिरवली आणि ते बाजूला सारलं.

बाईंनी काम साडूंना दिलं, मामांना न विचारता. ठरलं असं, की चक्राच्या मधली जाड पोलादी चकती साडूंनी करायची. तिच्या तोंडावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या चोवीस खाचा पाडायच्या, त्या खाचांत आऱ्यांच्या पट्ट्या बसतील, आणि बाहेरचं मोठं कडं वेल्डर जोडेल. चकती चकात धरायची, एक खाच पाडायची, ताट थोडं फिरवायचं, पुढची पाडायची. साडू बाईंना समजावून सांगू लागले, "इथं मध्याला केसाएवढं वाकडं निघालं, की तिथं कड्यापाशी बोटभर वाकडं दिसतंय. म्हनून आधी चकाचं सेंटर." बाई म्हणाल्या, "किती वेळ लागंल?" साडू म्हणाले, "सबूर." हा त्यांचा दुसरा आवडता शब्द. एसटीच्या कंडक्टरलाही ते हेच सांगतात.

मग जे व्हायचं तेच झालं. वैशाखाचं ऊन, दिवसाआड जाणारी वीज, आणि साडू. आधी त्यांनी ताट पुसलं. मग चक पूर्ण खोलून त्याचे जबडे धुतले. मग बाई रोज पेडगावहून चौकशीला येऊ लागल्या आणि रोज त्यांना चकाचा पाठ ऐकावा लागला. पहिल्या दिवशी त्या चिडून आल्या, दुसऱ्या दिवशी थोड्या कमी चिडून, आणि पुढं पुढं त्या पिशवीत विणकाम घेऊन यायला लागल्या. खुर्चीत बसून सुया चालवायच्या, मधूनच वर पाहून म्हणायच्या, "आत्ता कमी हालली बगा." परत गेल्या की मामा विचारायचे, झालं का? बाई म्हणायच्या, व्हायलंय. पौर्णिमा अगदी तोंडावर आली तेव्हा मामांचा बांध फुटला. त्यांनी मला फोन केला. "तुमी गाडी घेऊन या. ती चकती उचलायची आणि परभणीला दुसऱ्याकडं टाकायची. ह्या माणसाच्या भरवशावर बसलो तर पुढच्या जन्मी चक्र लागंल."

मी त्यांना घेऊन निघालो. मानवतला पोचलो तर घराला कुलूप. अक्का डबा घेऊन शेडवर गेली होती. म्हणजे मामांना त्या शेडमध्ये जाणं भागच होतं. मी म्हणालो, तुम्ही गाडीत बसा, मी चकती आणतो. "न्हाई," ते म्हणाले, "मी सोता सांगनार."

आत साडू मशीनपाशी वाकलेले होते. बाजूला अक्का डबा मांडीवर घेऊन बसलेली, बाई विणकाम थांबवून पाहत होत्या. सुई थांबली होती. इतक्या दिवसांनी, पूर्ण फेरीत, कुठंही न हलता. आता फक्त बोल्ट आवळायचे राहिले होते. बाहेरच्या भगभगीत उन्हातून मामा आत आले. त्यांच्या डोळ्यांना एकदम अंधार झाला. उंबऱ्याला काठी अडकली, तोल गेला, आणि आधाराला म्हणून पुढं केलेले दोन्ही हात, अंगाच्या सगळ्या भारानिशी, चकावर येऊन पडले.

मी त्यांना धरलं. लागलं नव्हतं. पण सगळ्यांच्या आधी साडूंनी सुईकडे पाहिलं होतं, आणि मी साडूंच्या चेहऱ्याकडे. अक्का उठून उभी राहिली होती. तिला वाटलं असावं, इतकी वर्षं न झालेलं भांडण आता होणार.

"काय झालं?" मामा म्हणाले. "काय सरकलं? माझ्या हाताखाली कायतरी सरकलं."

"चक सरकला, मामा," साडू म्हणाले. आवाज नेहमीसारखाच. "बसा. पानी घ्या."

"म्हंजे आता?"

"आता पुन्हा."

मामा खुर्चीवर बसले. बाईंनी पाणी दिलं. ते ज्यासाठी आले होते ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण इतक्या दिवसांच्या कामावर आपलाच हात पडला आहे हे त्यांना कळलं होतं, आणि मुकादमकी केलेल्या माणसाला हे फार लागतं. त्यांनी काठी गुडघ्यांत धरली. साडू काही वेळ मशीनभोवती घुटमळले. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी आजवर कुणालाच करू दिली नव्हती. मला नाही, बाईंना नाही, अक्कालाही नाही. त्यांनी मामांना उठवलं, त्यांची खुर्ची मशीनजवळ आणली, मामांना तिच्यात बसवलं, त्यांचा उजवा हात धरला आणि रोटरी टेबलाच्या हँडलवर ठेवला.

"तुमी फिरवा," साडू म्हणाले. "मी सुई बगतो."

"मला दिसत न्हाई, जावाईबापू."

"दिसायचं काम न्हाई त्याला."

मामांनी हँडल फिरवलं. आधी मुकादमासारखं, भराभर. साडू म्हणाले, सबूर. मग थोडं हळू. पुन्हा सबूर. मग मामांचा हात एका लयीला आला, ताट फिरायला लागलं, आणि साडू सुईकडे पाहत म्हणाले, "थांबा." मामा थांबले. टक्. "चला." मामा चालले. थोड्या वेळानं मामांनीच विचारलं, "लाल का हिरवी?" साडूंना आधी कळलं नाही. मग ते हसले, आणि पुढं थांबा आणि चला हे शब्द त्या शेडमध्ये कुणी वापरलेच नाहीत. "लाल," साडू म्हणायचे, टक् असा आवाज व्हायचा, आणि "हिरवी."

मला वेळेचं भान राहिलं नाही. ऊन पत्र्यावरून कलत होतं. बाईंच्या सुया पुन्हा चालू झाल्या होत्या. वीज गेली तेव्हा कुणी हाय हाय केली नाही, कारण सेंटर हातानंच लावायचं होतं. आणि मग मामा बोलायला लागले, कुणाला उद्देशून असं नाही. म्हणाले, "रूळ सरळ हाय का बगायला मी सकाळी रुळावर गाल टेकवून झोपायचो. धुकं असायचं. रूळ गार लागायचा. एक डोळा मिटायचा आणि लांबवर बगायचं. दोन्ही रूळ कुठंतरी धुक्यात जायाचे. माझी मानसं पहारी धरून हुबी, मी हात वर केला की एक धक्का द्यायची. एकच. मग पुन्हा गाल टेकवायचा." थोडं थांबून ते म्हणाले, "तवा मला काई घाई नसायची." अक्का दाराशी बसली होती. ती मला हळूच म्हणाली, "हे आमाला कधी सांगितलं न्हाई बगा त्यांनी. घरी यायचे तवा नुसती घाईच यायची घरी." तिनं डबा उघडला नव्हता. भाकऱ्या तशाच निवून गेल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत सुई थांबली. या वेळी साडूंनी बोल्ट आवळले तरी ती थांबलेलीच राहिली. वीज आली, मशीन घुमू लागली, आणि पहिली खाच पडली. मग ताट फिरवायचं, ठरलेल्या खुणेपर्यंत. खूण साडू पाहणार, फिरवणार मामा. मी एकदा म्हणालो, मी फिरवतो, मामा दमले असतील. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, म्हणजे मामांनी माझ्या आवाजाकडे, की मी बाईंच्या शेजारी जाऊन बसलो. चकती परभणीला न्यायची होती ते कुणाच्या लक्षातही उरलं नव्हतं. त्या रात्री मामा लेकीच्या घरी मुक्कामाला राहिले. सकाळी साडू उठायच्या आधी तेच चपला घालून शेडवर जायला तयार होते.

पौर्णिमेला चक्र कमानीवर चढलं. गावातल्या माणसांनी दोर लावून ते वर ओढलं, बायकांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या, वंदना झाली, आणि ऊन त्या चोवीस आऱ्यांवर चमकायला लागलं. लोक मान वर करून पाहत राहिले. मामा खाली साडूंच्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "कसं दिसायलंय?"

साडूंनी वर पाहिलं. पाहतच राहिले. डावीकडे सरकून पाहिलं, उजवीकडे सरकून पाहिलं. बाईंनी मला कोपरानं ढोसलं. अक्का डोळ्यांनी नवऱ्याला विनवत होती, की आज तरी, आज एक दिवस तरी. पण साडूंना खोटं बोलता येत नाही, त्यांना ते हत्यारच मिळालेलं नाही.

"चक्र बरोबर हाय," ते म्हणाले. "कमान जराशी आउट हाय."

मग मामा हसायला लागले. असे हसले की त्यांना साडूंच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. "असू द्या, जावाईबापू," ते म्हणाले, "मीबी जरा आउटच हाय. आता कोन हातोडी मारनार?" आणि साऱ्या गावानं हसून घेतलं.

त्यानंतर मामा मानवतला वारंवार येऊ लागले. अक्काकडे पाणी प्यायला थांबायचे आणि लगेच विचारायचे, "उघडलंय का शेड?" गोगलगाय हा शब्द त्यांनी पुन्हा वापरला नाही. जिनिंगचं एखादं दातेरी चाक असायचं, पिठाच्या गिरणीचं काही असायचं, चकात काय धरलंय याच्याशी मामांना काही घेणंदेणं नसायचं. हँडल धरून बसायचे. मी रविवारी गेलो की दोघं मला मान हलवून बस म्हणायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. दोन माणसं इतका वेळ गप्प बसून इतकी एकमेकांजवळ असू शकतात हे मी तिथं पाहिलं. पुढच्या थंडीत मामांची छाती भरली. दवाखान्यात नेलं, पण ते परत आले नाहीत.

पेडगावला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक एकेक करून उठून मामांबद्दल बोलले. विहारासाठी दिलेली जागा, लोकांच्या अडीअडचणीला धावून जाणं, आवाजाचा दरारा, सगळं निघालं. शेवटी बाईंनी थोरल्या जावयांना दोन शब्द बोलायची विनंती केली. आम्ही सगळे जरा घाबरलो. साडू माईकपाशी गेले तर चकापासून सुरुवात करतील आणि जेवणं संध्याकाळी होतील, असं अक्काच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. साडू उभे राहिले. माईक त्यांच्या तोंडासमोर नव्हता, बाजूला होता, आणि त्यांनी तो सरळ केला नाही. बराच वेळ ते मांडवाच्या कापडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मामाचा हात लय हलका होता."

एवढंच. आणि तिथंच उभे राहिले. बसायचं असतं हे ते विसरले होते. अक्का उठून गेली आणि हाताला धरून त्यांना घेऊन आली.

संध्याकाळी आम्ही चौघं पेडगावच्या स्टेशनवर आलो. ते मानवतकडे जाणार होते आणि आम्ही परभणीकडे, पण त्यांची पॅसेंजर आधी होती म्हणून आम्ही त्यांना सोबत करत बसलो. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. ज्वारीच्या शेतांवरून गार वारा येत होता आणि उजेड असा होता की लांबची झाडं जमिनीपासून सुटून वर आल्यासारखी दिसत होती. गाडी आली, थांबली. अक्कानं पिशव्या उचलल्या. साडू बाकावरून हलले नाहीत.

"चला की," अक्का म्हणाली.

"बसू जरा," साडू म्हणाले. "ही जाऊ दे. मागून दुसरी येईल."

मला वाटलं अक्का आता ओरडेल. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि पदर सावरून त्यांच्या शेजारी बसली. दोनचार माणसं उतरली, गावाकडे चालायला लागली. शिट्टी झाली. डबे एकेक करून आमच्यासमोरून गेले, शेवटचा डबा लहान होत होत शेतांच्या पलीकडे गेला, आणि रूळ मोकळे झाले. आम्ही चौघंही त्यांच्याकडे पाहत बसून राहिलो.